मंजूर दोन, हजर एक

आमच्या फौजी भाडेकरूइतका सरकारी कागदावर विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. देवावर लोक विश्वास ठेवतात, पण अधूनमधून त्याच्याकडे तक्रारही करतात, नवस फेडायला टाळाटाळ करतात, आणि एका देवाकडून काम होईना तर निमूट दुसऱ्याच्या पायरीवर जाऊन बसतात. हवालदारांचं तसं नव्हतं. पलटणीच्या कचेरीतून आलेलं पाकीट ते दोन्ही हातांनी घेत, ब्लेडने कडेकडेने कापून उघडत, आणि आत नकार असला (तो असायचाच) तरी शेवटच्या सहीपर्यंत वाचून म्हणत, "बराबर लिवलं आहे." आपली विनंती फेटाळली गेली याचं दुःख त्यांना होई, नाही असं नाही; पण ती योग्य कलमाखाली आणि तीन प्रतींत फेटाळली गेली, याचं समाधान त्याहून किंचित जास्त असे. एकदा मी त्यांना म्हटलं, "हवालदार, नियमच चुकीचा असला तर?" भर वर्गात मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नियम चुकत नसते गुरुजी," ते म्हणाले, "अर्ज चुकत असते." आणि त्यांचे सगळे अर्ज मीच लिहीत असे.

ते आमच्याकडे आले तेव्हा चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. वर्ध्याच्या कडेला बोरगाव मेघेत मी नुकतंच घर बांधलं होतं, आणि गवंड्याच्या आग्रहामुळे मागच्या बाजूला दोन खोल्या जास्तीच्या निघाल्या होत्या. मे महिन्यातल्या दुपारी, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात अशा वेळी, पूर्ण वर्दीतला एक उंच माणूस खांद्यावर काळी पेटी घेऊन फाटकाशी उभा राहिला. भाडं किती हे त्याने विचारलं नाही. खोल्यांना दारं किती, खिडक्या किती, कड्या आतून लागतात की बाहेरून, हे विचारलं आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "इथं लहान मूल राहू शकते, असं तुमी लिहून देसान का?"

घर भाड्याने देताना इतरही बऱ्याच गोष्टी लिहून द्याव्या लागतात असं मी ऐकलं होतं, पण ही त्यांत नव्हती. आतून आमची मंडळी बाहेर आली. तिने विचारलं, "लेकरू केवढं आहे?"

"सहा वर्षं दोन महिने."

"आन् त्याची माय?"

हवालदारांनी आभाळाकडे पाहिलं. "ते वेगळ्या कागदात आहे," ते म्हणाले.

तो वेगळा कागदही पुढे मलाच वाचावा लागला. त्यांची सासुरवाडी आर्वीकडच्या रोहण्याची. बायको तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी ती लेकीला घेऊन माहेरी गेली आणि परत आली नाही. शेवटी कोर्टात फारकत झाली. अशा कागदांत एरवी जे जे असतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. मार नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. तिने सांगितलं होतं की माणूस चांगला आहे. पण वर्षातले दहा महिने मी एकटी राहते आणि दोन महिने पलटणीत राहते, आणि आता मला दोन्हींचा कंटाळा आला आहे. हे वाचताना मी मनातल्या मनात त्या बाईला नमस्कार केला. इतक्या थोड्या शब्दांत संसाराची तक्रार मांडणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. हवालदारांनीही ते वाक्य ऐकून मान डोलावली. "खरं आहे ते," ते म्हणाले. "मी दिवसातून तीनदा रिपोर्ट घेत होतो."

ते दोन महिने म्हणजे काय, याचा अनुभव आम्हाला लवकरच आला. वार्षिक सुट्टी लागली की ते कुठल्यातरी दूरच्या सरहद्दीवरून तीन-चार गाड्या बदलत येत आणि आमच्या घराची छावणी होई. पहिल्याच सुट्टीत त्यांनी फाटकापासून मागच्या दारापर्यंत दुतर्फा दगड लावून त्यांना चुना फासला. मग अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्याला कंबरेइतका चुना आणि त्यावर गेरूचा पट्टा आला. गाय त्यातून सुटली, कारण ती जागेवर उभी राहिली नाही. पहाटे पाच वाजता ते आरशापुढे दाढी करत, साडेपाचला अंथरुणाची चौकोनी वीट करून खाटेच्या डोक्याशी ठेवत, आणि सहा वाजता खोलीबाहेर येऊन कुणीही नसलेल्या अंगणाकडे असं पाहत की आपण अजून लोळतो आहोत याची मला घरात बसून लाज वाटे. दूधवाल्याला त्यांनी तीन दिवसांत आपलं नाव, गाव आणि येण्याचं कारण आपणहून सांगायची सवय लावली. खोलीच्या दाराला त्यांनी एक फळी ठोकली होती. पलटणीत प्रत्येक खोलीत असते म्हणे. तीवर पांढऱ्या रंगाने यादी होती: खाट मोठी एक, खाट लहान एक, टेबल एक, आरसा एक, बादली दोन, मच्छरदाणी दोन. मंडळी म्हणाली, "भाऊजी, बादल्या तं दिसून राह्यल्या समोर. लिवाच्या कायले?" ते म्हणाले, "दिसते ते हरपते वहिनी. लिवलेलं नाई हरपत."

सुट्टी संपली की ते कुलूप लावून किल्ली माझ्याकडे देत आणि मग दहा महिने त्यांची पत्रं येत. ती मी जपून ठेवायला हवी होती. वर डाव्या कोपऱ्यात क्रमांक, उजवीकडे तारीख, मध्ये 'विषय : मागील खोलीतील उंदीर', खाली 'संदर्भ : आपले गेल्या महिन्याचे पत्र', आणि मग मुद्दे. मुद्दा एक, उंदीर किती. मुद्दा दोन, लहान खाटेच्या पायांना काही अपाय. मुद्दा तीन, रोहण्याहून काही वर्तमान. शेवटी 'आपल्या माहितीकरिता व योग्य कार्यवाहीकरिता'. मुद्दा तीन प्रत्येक पत्रात असे आणि नेहमी शेवटी असे. मीही हळूहळू तसंच उत्तर लिहू लागलो. मुद्दा तीन, निरंक.

पण सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे त्यांची पाटी. पत्र्याची, काळ्या रंगाची, दाराच्या उजव्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली. तीवर पक्क्या रंगात चार शब्द एकाखाली एक होते: मंजूर, हजर, गैरहजर, कारण. पलटणीत किती माणसं असायला हवीत आणि आज किती आहेत हे रोज सकाळी अशा पाटीवर लिहितात. हवालदार सुट्टीत रोज सहा वाजता ओल्या फडक्याने पाटी पुसून खडूने लिहीत. मंजूर दोन. हजर एक. गैरहजर एक. कारण : कार्यवाही चालू. ही कार्यवाही म्हणजे बेबी, त्यांची लेक. सुट्टी संपवून निघताना ते त्याच गांभीर्याने 'हजर'पुढे शून्य लिहून जात. पहिल्या वर्षी मंडळीने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "घरात कोणी नाई हे चोराले लिहून देऊन राह्यले का तुमी?" हवालदार पेटी खांद्यावर घेत म्हणाले, "मंग खोटा रिपोर्ट लिहू का वहिनी?" चोरालाही खोटं सांगायचं नाही, असा सत्याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यातही फारसा कुणी केला नसेल.

आता ती कार्यवाही काय होती ते सांगायला हवं, कारण त्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं आणि माझी बरीचशी शाई. कोर्टाने बेबीला आईकडे ठेवलं होतं आणि बापाला एक फट ठेवली होती. मुलीला राहण्याजोगं घर आहे आणि ते पलटणीने कुटुंबाचं घर म्हणून मानलं आहे, असा दाखला आणा. मग उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला तुमच्याकडे पाठवण्याचा विचार करू. हवालदारांनी घर केलं. पलटणीत सैनिकाला कुटुंबासाठी क्वार्टर मिळतं, आणि क्वार्टर नसेल तर घरभाड्याचा भत्ता मिळतो. तो मंजूर झाला म्हणजे घर मानलं गेलं, दाखला आपोआप आला. म्हणून त्यांनी भत्त्याचा अर्ज केला. पलटणीच्या कचेरीने कळवलं की कुटुंब म्हणजे पत्नी आणि मुलं. फारकत झाली असल्यास मूल प्रत्यक्ष अर्जदाराजवळ राहत असलं पाहिजे. तसा कोर्टाचा कागद जोडा. थोडक्यात, कोर्ट म्हणत होतं की पलटणीचा कागद आणा मग मुलगी देतो, आणि पलटण म्हणत होती की मुलगी आणा मग कागद देतो. दोन्ही खुर्च्यांवरचे लोक आपापल्या जागी बिनचूक होते. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, पण दोन बरोबर उत्तरं मिळून एक माणूस असा वजा होताना मी तेवढाच पाहिला.

हवालदारांना यात अडचण दिसत नव्हती, उशीर दिसत होता. "कागद फिरून राह्यला गुरुजी. फिरते कागद म्हणजे जित्ता आहे." भत्त्याच्या पैशाची त्यांना पर्वा नव्हती. भाडं ते स्वतःच्या पगारातून देत आणि वर्षानुवर्षं देत राहिले असते. त्यांना हवी होती ती एक ओळ, ज्यात पलटणीने लिहिलेलं असेल की या माणसाला कुटुंब आहे.

तोवर त्यांनी आतल्या खोलीची तयारी पूर्ण ठेवली होती. सुताराकडून चार फूट लांबीची खाट करून घेतली होती. तिच्या उशाशी, भिंतीला, एक फ्रॉक. फ्रॉक दर वर्षी नवा असे. बेबीला त्यांनी वर्षातून एकदाच पाहिलेलं असे, तेव्हा उंची-रुंदीचा अंदाज ते नव्या रंगरूटाला वर्दी देतात तसा नंबराने करत. नवा फ्रॉक आला की जुना उतरवून त्याची रीतसर 'कंडम' अशी नोंद होई आणि न वापरता कंडम झालेला तो फ्रॉक आमच्या थोरलीला मिळे. ती बेबीच्याच वयाची. त्यामुळे गावातल्या सगळ्यांत चांगल्या कपड्याचे फ्रॉक आमची थोरली घालत असे, फक्त एक वर्ष उशिरा आणि गुडघ्यांच्या बरेच वर.

रोहण्याला ते सुट्टीत एकदा जात. कोर्टाने तासभर भेटीची परवानगी दिली होती. एका वर्षी त्यांनी मलाही नेलं, साक्षीदार म्हणून. आर्वीची एसटी, मग दुसरी एसटी, मग धुळीतून चालणं. पोचेपर्यंत त्यांचे बूट काळ्याचे तांबडे झाले होते, तर माणसाने शिवेवर बसून रुमालाने ते पुसले. बेबीच्या आजोबांनी अंगणात बाज टाकली, चहा दिला, पराटीवर, म्हणजे कपाशीवर, पडलेल्या किडीची चौकशी माझ्याकडे केली, आणि भल्या माणसासारखे आत निघून गेले. बेबी आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, हातात पाण्याचा गडवा. हवालदार ताडकन उठून उभे राहिले. मला वाटलं आता पोटाशी धरतील. त्यांनी तिचे दोन्ही हात पालथे करून नखं पाहिली. मग वही मागवली आणि पानन् पान पाहिलं. एका पानावर शाई सांडली होती, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे काऊन झालं?" पोरगी रडायला लागली. उरलेली पंचेचाळीस मिनिटं ते तिच्यासमोर ताठ बसून होते आणि ती खांबाआड उभी राहून त्यांच्या बुटांकडे पाहत होती. परतताना एसटीत पुलगाव फाट्यापर्यंत ते बुटांवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "नखं साफ होते." तोंड खिडकीकडे होतं. माणसाला प्रेम करण्याचीही एक रीत शिकावी लागते, आणि ती शिकण्याच्या वयात यांना तपासणी शिकवली होती, त्याला ते काय करणार.

असे चार-पाच उन्हाळे गेले. अर्ज जात, नकार येत, आणि "बराबर लिवलं आहे" ऐकून मी नवा कागद घेई. मंडळी म्हणे, "तुमी अर्ज लिहून राह्यले का महाभारत?" शेवटी, बेबी अकरा वर्षांची झाली त्या वर्षी, मीच डोकं लढवलं. कागदावर भांडण्यापेक्षा कचेरीलाच सांगायचं की माणूस पाठवून प्रत्यक्ष पाहा: घर आहे, मूल आहे. पाहणाऱ्याने 'मूल आहे' असं लिहिलं की भत्ता, भत्ता मिळाला की दाखला, दाखला आला की कोर्ट, आणि कोर्टाने पाठवली की मूल खरंच आहे. एक खोटी वीट लावून बाकीची खरी भिंत उभी राहणार होती. खोटी वीट म्हणजे आमची थोरली. मंडळीने ठरवलं की तिला वेणी-फणी करून, कंडम झालेला फ्रॉक घालून आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसवायचं. कोणी नाव विचारलं तर बेबी सांगायचं. आम्ही हे हवालदारांना सांगितलं तेव्हा ते बूट पॉलिश करत होते. बराच वेळ त्यांनी एकाच बुटावर ब्रश फिरवला. "मी काही बोलणार नाई," ते म्हणाले. आम्हाला तो होकार वाटला.

पाहायला आले ते एक निवृत्त कॅप्टन, आता कसल्याशा कचेरीत बसणारे. जीपमधून उतरायच्या आधी त्यांची छडी उतरली, मग मिशा, मग थर्मास, आणि शेवटी ते. चुना फासलेल्या दगडांमधून ते असे चालत आले की दगडांनी सलामी दिल्याचा मलाही भास झाला. कडुनिंबाखाली उभं राहून त्यांनी जवानांच्या कुटुंबांप्रती देशाचं कर्तव्य या विषयावर दहा मिनिटं भाषण केलं. श्रोते आम्ही तिघं आणि गाय. पण माणूस वाईट नव्हता, आणि त्यांना जेवायला दुसरीकडे जायचं होतं, हे दोन्ही आमच्या फायद्याचं होतं. त्यांनी आतल्या खोलीत डोकावून विचारलं, "बेटी, नाम क्या है?" आमची थोरली शाळेच्या बक्षीस समारंभात म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "बेबी." कॅप्टनसाहेब खूश झाले. बाहेर येऊन टेबलाशी बसले, कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. मंडळीने माझ्याकडे पाहिलं. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा एक सही आमच्यापासून हातभर अंतरावर होती.

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली.

"मंजूर दो, हाजिर एक," त्यांनी वाचलं. "ये क्या है हवालदार?"

फळी, फ्रॉक, थोरली, सगळ्यांची तयारी आम्ही केली होती. पाटी कुणाच्याच लक्षात आली नाही. कारण ती आमच्या घराला आता इतकी सवयीची झाली होती की ती कुणी वाचत नसे. हवालदार सावधान उभे होते. कॅप्टनसाहेबांनी, आता त्यांच्याबद्दल मला फक्त चांगलंच लिहायचं आहे, स्वतःहून दोर टाकला. "पुरानी होगी," ते म्हणाले. "पोंछना भूल गए होंगे."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहण्याचं त्यांनी कबूलही केलं होतं. हवालदारांच्या टाचा एकमेकींवर आपटल्या. "नहीं साब," ते म्हणाले. "आज सुबे छे बजे की है."

कॅप्टनसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आतल्या फ्रॉककडे, मग माझ्याकडे. पेनला टोपण लावलं, परत काढलं, आणि लिहिलं की घर पाहिलं, घर उत्तम आहे, अपत्य राहत नाही. आमच्या थोरलीबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. जीपमध्ये बसताना त्यांनी हवालदारांना आपणहून सलाम केला. भाषणापेक्षा ते बरं होतं.

जीप वळणापार जाईपर्यंत मंडळीने कसाबसा दम धरला. मग ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "एक पाटी नाई पुसता आली भाऊजी? लेकरासाठी? हरिश्चंद्र होय का तुमी?"

मलाही तेच विचारायचं होतं. हवालदार पाटीकडे बघत होते.

"खडू घेतला होता वहिनी हातात," ते म्हणाले. "दोनचा आकडा लिवणारच होतो. मंग वाटलं, तुमची पोरगी हजर लिवली, तं बेबीची जागा भरली. पलटणीत असंच असते. जागा भरली म्हणून दाखवलं, का मंग माणूस येत नसते."

मंडळी आत गेली आणि थोरलीच्या अंगातला फ्रॉक काढून घडी करून ठेवला. तो परत तिने कधी घालू दिला नाही. दोन महिन्यांनी पलटणीच्या कचेरीचं उत्तर आलं. पाहणीतील शेऱ्यास अनुसरून अर्ज निकाली काढण्यात येत आहे. हवालदार तेव्हा सरहद्दीवर होते. त्यांचं पत्र आलं, त्यात पहिला मुद्दा होता, बराबर लिवलं आहे.

पुढे ते पेन्शनीत निघाले आणि त्याच दोन खोल्यांत कायमचे राहायला आले. पलटण सुटली तसा पलटणीचा दाखला मिळण्याचा प्रश्नच सुटला, आणि मग कोर्टाने, कागद मिळत नाही तर निदान मुलीला विचारून पाहू म्हणून, चौदा वर्षांच्या बेबीला विचारलं की बापाकडे सुट्टीत राहशील का. मी त्या दिवशी हवालदारांबरोबर होतो. पोरगी शांतपणे म्हणाली, "तिथं माह्या ओळखीचं कोणी नाई." बाहेर आल्यावर मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "खरं बोलली गुरुजी," ते म्हणाले. "खोटा रिपोर्ट नाई दिला." त्यांच्या आवाजात अभिमान होता. त्या आवाजाची मला अजून भीती वाटते.

त्यांनी वर्ध्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी धरली. दगडांना चुना दर दिवाळीला लागत राहिला. आतल्या खोलीत आता नवा फ्रॉक येत नव्हता, कारण एवढ्या मोठ्या मुली फ्रॉक घालत नाहीत हे मंडळीने त्यांना सांगितलं होतं, आणि साडीला नंबर नसतो. पाटी रोज सहाला लिहिली जाई. मंजूर दोन, हजर एक, गैरहजर एक. 'कारण'पुढे मात्र ते आता काही लिहीत नसत.

आणि शहाऐंशीच्या जून महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. अंगावर फिकट साडी, काखेत पिशवी, घामाघूम. "हवालदार इथंच राह्यते का?" तिने मला विचारलं. मी ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून. असं ताठ उभं राहणं आमच्या भागात शिकवत नाहीत. योगायोगाने हवालदारांची त्या दिवशी सुट्टी होती. ते दारात आले आणि दोघं एकमेकांपुढे सावधान उभी राहिली.

मास्तरकीच्या शिक्षणासाठी तिला अर्ज करायचा होता. माजी सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात, आणि आपण त्यांची मुलगी आहोत असा कागद हवा होता. एवढंच काम. हवालदार आत गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ते आपलं निवृत्तीचं पुस्तक घेऊन आले. कुटुंबाच्या पानावर बायकोच्या नावावर रेघ होती. खाली बेबीचं नाव होतं, जन्मतारखेसकट, आणि शेजारी कोणाची तरी सही. इतकी वर्षं पलटणीनेच लिहून ठेवलेलं. जो कागद बापाला कधी मिळाला नाही, तो लेकीला अर्ध्या तासात मिळाला. अर्ज मीच लिहिला. माझ्या हातून त्या घरासाठी गेलेला तो शेवटचा अर्ज, आणि मंजूर झालेला एकुलता एक.

मी शाई वाळवत होतो तोवर ती घर पाहत होती. फळीवरची यादी तिने मनातल्या मनात वाचली. आत जाऊन लहान खाटेवर बसली. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. "ही कोणाची होय?" तिने विचारलं.

"तुहीच," हवालदार म्हणाले.

ती हसली नाही. तिने खाटेच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मंडळीने लिंबाचं सरबत दिलं. साडेचारची एसटी होती. निघताना तिने वाकून नमस्कार केला तेव्हा हवालदारांनी खाली पाहिलं. मला वाटतं त्यांनी नखंच पाहिली. मग ते तिला स्टँडवर सोडायला गेले, तिच्यापुढे दोन पावलं आणि बरोबर तिच्याच चालीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. सहा वाजता दार उघडलं. हवालदारांनी ओलं फडकं घेऊन पाटी पुसली, वाळू दिली, आणि लिहायला लागले. मंजूर दोन. मग खडू थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मी पाहतो आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी 'हजर'पुढे दोन लिहिलं. 'गैरहजर'पुढे शून्य. मोठ्या अक्षरांत, नीट गिरवून.

मला कॅप्टनसाहेबांची जीप आठवली, आणि जागा भरलेली दाखवली की मग माणूस येत नाही, हे हवालदार मंडळीला म्हणाले होते ते आठवलं. तेही विसरले नसणार. मी चूळ भरली. ते फडकं पिळत माझ्याजवळून गेले आणि जाता जाता, माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"तपासणीले आता कोणी येत नाई, गुरुजी."

"नाही येत," मी म्हटलं.